भुताचं बालपण: जुन्या भयपटाचा आधीचा अंक पारखायची रीत

मी प्रॉम्प्टर आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकात विंगेत बसायचं, मांडीवर संहिता, हातात बॅटरी, आणि पात्र अडलं की पुढचा शब्द त्याच्या कानात घालायचा, प्रेक्षकाच्या नाही. आमच्या मंडळाचं बुकिंग वडशातून चालतं, म्हणजे सरकारी कागदावरच्या देसाईगंजातून. मी राहतो जवळच्याच एका खेड्यात. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि होळीपर्यंत आमची रात्र म्हणजेच दिवस. एरवीचे महिने घरी असतो, पण झोपेची सवय मोडली ती मोडलीच. मग भाची आणि मी मोबाइल पायलीला टेकवून भयपट पाहतो. तिचं इंग्रजी चांगलं, माझं कामचलाऊ. पण कोणता नट वाक्य विसरलाय, हे मला कोणत्याही भाषेत कळतं.

हल्ली तिचा एकच प्रश्न असतो. "मामाजी, त्या जुन्या पिच्चरची सिरीज आली म्हणते. आधीची गोष्ट हाये. पाहाची का?"

तो पिच्चर दीड-दोन तासांचा आणि ही सिरीज चाळीस तासांची. नेटपॅक तिचा, रात्री माझ्या. म्हणून पारखायची एक रीत बसवली. त्यात थोडा स्वतःचा हात भाजलेला अनुभवही आहे, तो पुढे येईल.

सगळ्यात आधी ती सिरीज खरंच आधीची आहे का ते बघा. जाहिरातीत सगळंच एका पोत्यात घालतात. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या नावाने 2016 मध्ये आलेली मालिका त्या 1973 च्या सिनेमानंतरची गोष्ट सांगते. त्याच वर्षी आलेली 'डेमियन'सुद्धा 'द ओमेन'मधलं पोरगं मोठं झाल्यावरची. 'बेट्स मोटेल' मात्र खरोखर आधीची: 'सायको'तला नॉर्मन बेट्स पोरवयात कसा होता, त्याची आई कशी होती. नंतरच्या गोष्टीला पुढे मोकळं रान असतं. आधीच्या गोष्टीला दावं बांधलेलं असतं, आणि खुंटा कुठे रोवलाय ते तुम्हाला माहीत असतं. दोघींना एकाच मापाने मोजू नका.

मग मूळ सिनेमा पुन्हा बघा. आठवणीवर जाऊ नका. दिवा मालवा, वही घ्या, आणि सिनेमा जे सांगत नाही ते लिहून काढा. माझ्या वहीत त्यासाठी दोन पानं असतात. एका पानावर "कुलूप", दुसऱ्यावर "भिंत". कुलूप म्हणजे जिथे दार आहे, आत खोली आहे, सिनेमाने ती उघडली नाही एवढंच. भिंत म्हणजे जिथे पलीकडे काही नाहीच, आणि ते नसणं हेच भ्यायचं कारण.

'सायको' घ्या. हिचकॉकचा सिनेमा, 1960 चा, 109 मिनिटांचा. न्हाणीघरातला तो खून सगळ्यांना पाठ आहे. रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, कारण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ते बरोबर दिसायचं. पण वहीत लिहायची गोष्ट शेवटाकडे आहे. एक मानसोपचार डॉक्टर उभा राहतो आणि चार-पाच मिनिटांत सगळा इतिहास उरकून टाकतो: आई, तिचा मित्र, पोराने काय केलं, मग आई त्याच्यात कशी उरली. आमच्याकडे पहाटेचे पाच वाजले की शेवटचा प्रवेश असाच गुंडाळतात, लोक चपला शोधायला लागलेले असतात. मी ते पाहिलं आणि "कुलूप"च्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं: आई. खोली मोठी आहे आणि सिनेमाने फक्त खिडकीतून डोकावून घेतलंय.

आता 'हॅलोविन', 1978. सहा वर्षांचा पोरगा बहिणीला मारतो, पंधरा वर्षांनी पळून परत येतो, तोंडावर पांढरा मुखवटा. का, हे कोणी सांगत नाही. त्याचा डॉक्टरसुद्धा हात टेकतो. ही भिंत. 2007 मध्ये तो सिनेमा नव्याने काढला तेव्हा पोराचं बिघडलेलं घर, शाळेतली छळवणूक असं सगळं दाखवलं. मला तो बघताना तालुक्याच्या गावी कोर्टाबाहेर बाकावर बसल्यासारखं वाटलं. पोराचं वाईट वाटलं, पण मुखवट्याची भीती गेली.

भिंत म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही कळलं. आमचं एक भुताचं नाटक आहे, विहिरीतल्या बाईचं. पांढरं पातळ, मोकळे केस, निळा लाइट, धुराचं मशीन. एका गावी पौषातल्या थंडीत तिसऱ्या अंकाला जनरेटर बंद पडलं. मंडपात मिट्ट काळोख. बाईला पायरी दिसेना, ती विंगेतच माझ्या खांद्याला धरून उभी. लावणीवालीने तिचे घुंगरू माझ्याजवळ ठेवायला दिले होते. मी ते उचलले आणि हलवले, एकदा. थांबलो. मग दोनदा. पुन्हा थांबलो. समोर हजारभर माणूस तनशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेला, चकार शब्द नाही. एक लेकरू रडायला लागलं, तेही गप्प झालं. मग मला तनशीची सळसळ ऐकू आली: माणसं अंधारात एकमेकांच्या जवळ सरकत होती. लाइट आला, धूर सुटला, बाई आत गेली, तर लोक हसले. सुटल्यासारखे हसले. बाईला आजही त्याचा राग आहे.

पुढे कळलं की 1975 च्या 'जॉज'चंही असंच झालं होतं. यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शकाला तो लपवावा लागला, आणि सिनेमाचा अर्धाअधिक वेळ नुसतं पाणी भीती घालत राहिलं. त्या शार्कचं बालपण कोणी काढलं, तर मी त्याला रात्र देणार नाही.

हात भाजला तो असा. त्या विहिरीच्या बाईने दोन सीझन बुकिंग चांगलं दिलं, तेव्हा आमचे निर्माते म्हणाले, बाईचं लहानपण काढू. एका गावी दोन रात्री, पहिल्या रात्री आधीची गोष्ट, दुसऱ्या रात्री जुनं नाटक, दोन तिकिटं. लेखकाने मन लावून लिहिलं. सावत्र आई, उपासमार, चौदाव्या वर्षी लग्न, नवऱ्याची मारझोड, शेवटी विहीर. तिसऱ्याच गावी पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती, शाल गुंडाळून. पोरीला सावत्र आई उपाशी ठेवते त्या प्रवेशात ती मोठ्याने म्हणाली, "बिचारीले दोन घास द्या जी कोणी!" मंडप हळहळला. आम्ही विंगेत खूश, नाटक चढलं म्हणून.

दुसऱ्या रात्री तीच म्हातारी, तीच जागा. निळा लाइट, धूर, बाई विहिरीतून वर आली, केस पुढे, हात लांब केलेले. म्हातारी म्हणाली, "ये माय, ये."

नाटक तिथेच संपलं. पुढचे दोन प्रवेश आम्ही केले, पण भीती दाखवायला स्टेजवर कोणी उरलंच नव्हतं. पोलिसाचं काम करणाऱ्या नटाला वाक्यं आठवेनात. मी सांगत होतो, तरी आठवेनात.

तेव्हापासून सिरीज पारखताना पहिला सवाल हाच विचारतो: ही आधीची गोष्ट संपल्यावर मूळ भुताला मी "ये माय" म्हणणार आहे का? म्हणणार असेन, तर ती सिरीज चांगली असू शकते, रडवू शकते, पण तिने मूळ सिनेमा खाल्ला. सिनेमा तुम्हाला जिवापाड आवडत असेल तर तिच्या वाट्याला जाऊ नका.

मग प्रश्न येतो, की आधीची गोष्ट सांगायची तर कोणत्या वयापासून. इथे बहुतेक जण पाळण्यापासून सुरू करतात आणि फसतात. हॅनिबल लेक्टर या नरभक्षक डॉक्टरचं उदाहरण बघा, एकाच माणसाचे दोन्ही प्रयोग झालेत. 1991 च्या 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मध्ये तो पडद्यावर अर्धा तासही नाही, तरी त्या नटाला ऑस्कर मिळालं. 2007 च्या 'हॅनिबल रायझिंग'ने त्याचं बालपण दाखवलं: युद्ध, लहान बहीण, तिला माणसांनीच खाल्लं. झालं, कारण मिळालं, हिशेब चुकता. 2013 ची 'हॅनिबल' मालिका बालपणापाशी थांबत नाही. तिच्यात तो चाळिशीतला नामांकित डॉक्टर आहे, पोलिसांना मदत करतो, घरी जेवायला बोलावतो. ताटात काय वाढलंय ते फक्त आपल्याला माहीत. जेवणाऱ्यांना नाही.

ही जागा मी ओळखतो. ही माझीच जागा आहे. प्रॉम्प्टरला पुढचं वाक्य माहीत असतं आणि पात्राला नसतं. चांगली आधीची गोष्ट प्रेक्षकाला विंगेत आणून बसवते. फरक एवढाच, की मला हळू का होईना सांगता येतं. ज्याच्या ताटात ते मांस आहे, त्याला तुम्ही कितीही सांगा, मोबाइलच्या काचेपलीकडे ऐकू जात नाही. ती मालिका तीन सीझन चालली, 39 एपिसोड. मी 39 पाहिले आणि पाहताना बऱ्याच वेळा जेवण बाजूला ठेवलं.

म्हणून कथा कुठे सुरू होते, हे पहिल्या एपिसोडमध्येच तपासा. "हा असा का झाला" हा प्रश्न घेऊन ती निघाली असेल तर सावध राहा. "हा असा आहे, आणि अजून कोणाला पत्ता नाही" असं असेल तर गादी घाला.

शेवट आधीच माहीत आहे, मग बघायचं काय, असं काही जण विचारतात. त्यांनी कीर्तनात बसून बघावं. आख्यानात काय होणार हे पहिल्या अभंगालाच ठाऊक असतं, तरी उत्तररंगात लोक डोळे पुसतात. माहीत असलेल्या शेवटाकडे बुवा कोणत्या वाटेने नेतो, त्याचे पैसे असतात. 'बेट्स मोटेल'ने ती वाट मध्येच मोडली. (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जा.) पाचव्या सीझनमध्ये न्हाणीघर येतं, 'सायको'त तिथेच मरणारी मॅरियन येते, रिहाना या गायिकेने तिचं काम केलंय. आपण श्वास धरून बसतो. आणि मॅरियन जिवंत निघून जाते. न्हाणीघरात मरतो तो तिचा मित्र सॅम. भाची ओरडली, "हे चुकीचं हाये!" मी मात्र त्या लिहिणाऱ्याला मनातून नमस्कार केला. तो मला, सगळी संहिता पाठ असलेल्या माणसाला, फसवून गेला होता.

तासांचा हिशेब मात्र निर्दयपणे करा. 'बेट्स मोटेल' पाच सीझन, 50 एपिसोड. प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरली तर पस्तीसेक तास. डॉक्टरच्या त्या चार-पाच मिनिटांतून पस्तीस तास काढायचे तर पाणी घालावंच लागतं. त्यांनी त्या गावात गांजाचा धंदा घातला, टोळ्या घातल्या, पोलीस घातले. आम्हीही घालतो, रात्रभराचं नाटक नुसत्या भुतावर कुठे निभतं? भुताच्या प्रवेशामागे विनोदी प्रवेश लावतो, त्यामागे लावणी, म्हणजे पुढच्या भीतीला लोकांची मनं पुन्हा कोरी होतात. भरताड वाईट नसतं. ते भीतीला जागा करून देतं का, एवढंच पाहायचं. गांजाच्या भागात मी चहा ठेवायला उठायचो, आणि आई-पोराचा प्रवेश आला की भाची हाक मारायची. या रीतीने पस्तीसाचे पंचवीस तास होतात. आई झालेली व्हेरा फार्मिगा पडद्यावर असेल तेव्हा उठू नका.

उलटं टोक पाहायचं तर 'तुंबाड', 2018. याच्याबद्दल आम्हाला जरा जास्त आपुलकी आहे, कारण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ती मूळ भीती आमच्याच बाजूला, नागझिऱ्याच्या जंगलात भेटली; 1993 साली एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट तिथे सांगितली होती. त्या सिनेमात हस्तरचा जन्म, त्याची हाव, सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही, हे सगळं सुरुवातीलाच दोन-तीन मिनिटांत सांगून टाकलंय. आता हे धानाच्या मुलखात बसून बघा. ज्या देवाला सोनं मिळालं आणि अन्न नाकारलं, आणि जो पिठाच्या बाहुलीला भुलून येतो. माझ्या आईने सिनेमा अर्धाच पाहिला, पण दुसऱ्या दिवशी कणीक मळताना परातीला चिकटलेलं पीठ बोटाने पुसून गोळ्यात घेतलं. पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. जन्मकथा अशी दोन मिनिटांत पोटात उतरली असेल, तर तिची आठ एपिसोडची मालिका कशाला हवी? सिनेमा 104 मिनिटांचा आहे आणि मला त्यात एकही कुलूप सापडलं नाही.

मराठीतलं मोठं उदाहरण 'रात्रीस खेळ चाले'. 2016 ची पहिली मालिका अण्णा नाईकांच्या मरणापासून सुरू झाली. 2019 मध्ये दुसरा भाग आला तो आधीचा, अण्णा जिवंत असतानाचा, शेवंतासकट. मालवणी बोली आमच्या गावात कोणाला धड कळत नव्हती, तरी पारावर सगळे माधव अभ्यंकरांच्या आवाजात बोलायचे आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता पोरींच्या स्नेहसंमेलनात दिसायची. भुताला नाइकांचा वाडा किती भ्यायचा, ते राहिलं बाजूला. जिवंत अण्णा हा भुतापेक्षा वाईट निघाला, आणि तो प्रत्येक गावात एक तरी असतो. इथे "ये माय" म्हणायची वेळच आली नाही. म्हणजे आधीच्या गोष्टीत भूत आणखी लाडकं होण्याऐवजी माणूस आणखी घाण दिसत असेल, तर ती तरते. आमच्या विहिरीच्या नाटकाचंही आम्ही तेच केलं शेवटी. पोरीचं लहानपण कापलं, सासऱ्याचं घर ठेवलं. बाई फक्त पाणी भरताना दिसते, पाठमोरी, एकही वाक्य नाही. बुकिंग बरं आहे. पूर्वीइतकं नाही.

काही गोष्टींत कुलूप मूळ सिनेमानेच लावून किल्ली दिलेली असते. 'इट'मधलं ते जोकराच्या रूपातलं भूत 27 वर्षांनी जागं होतं, आणि 2017 चा सिनेमा घडतो 1989 मध्ये. 27 वजा केले की 1962. 'वेलकम टू डेरी' ही 2025 ची मालिका नेमकी त्याच वर्षात घडते. स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीतच गावाच्या जुन्या पापांची प्रकरणं मध्ये मध्ये येतात, त्यामुळे ही पुरवणी नंतर चिकटवल्यासारखी वाटत नाही. 'एलियन: अर्थ'ला वर्षांचा हिशेब जड जातो. 1979 चा 'एलियन' सिनेमा 2122 साली अंतराळातल्या जहाजावर घडतो, मालिका 2120 मध्ये, पृथ्वीवरच. दोन वर्षं आधी इथे एवढा हलकल्लोळ झाला, तर त्या जहाजावरच्या माणसांना काहीच कसं ठाऊक नाही? त्याला उत्तर आहे: जहाजाची मालक कंपनी लपवते, आणि मूळ सिनेमातही कंपनीला माणसांपेक्षा ते परग्रहाचं जनावर मोलाचं होतं. पण उत्तर प्रेक्षकालाच शोधावं लागतं, हे लक्षात ठेवा. अशा वेळी कागदावर दोन वर्षं शेजारी शेजारी लिहून बघायची. फट राहत असेल आणि मालिका तिच्याबद्दल बोलतच नसेल, तर त्यांनी मूळ सिनेमा आठवणीवर पाहिलाय.

करणाऱ्यांनाच काय हवंय ते कळत नसेल तर कसं होतं, त्याचा एक नमुना सांगून ठेवतो. 'एक्झॉर्सिस्ट'चा आधीचा सिनेमा एका दिग्दर्शकाने पुरा केला, निर्मात्यांना तो पटला नाही, दुसऱ्याकडून जवळजवळ नव्याने काढून घेतला आणि 2004 मध्ये लावला. मग पुढच्या वर्षी पहिलाही बाहेर काढला. एका भुताची दोन बालपणं. दोन्ही मी पाहिली नाहीत, आणि एकही पाहणार नाही.

आता बसायचं कसं ते. मूळ सिनेमा आधी, नेहमीच. काळाच्या क्रमाने पाहू नका, ती चूक पोरं करतात. मग तीन एपिसोड. पहिल्या एपिसोडवर निकाल देऊ नका, तिथे सगळे नट नवीन वाक्यं बोलत असतात. तिसऱ्यापर्यंत वहीतलं एकही कुलूप उघडायला लागलं नसेल, किंवा भिंतीला भोक पाडायला सुरुवात झाली असेल, तर बंद करा. पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात अर्धी भीती जाते. आवाज मोबाइलचा न घेता स्वस्तातला स्पीकर लावा. आणि शेवटचा एपिसोड संपला की त्याच रात्री मूळ सिनेमाचा एखादा जुना प्रवेश पुन्हा लावा, न्हाणीघरासारखा गाजलेला सोडून कोणताही. खरी परीक्षा तिथे होते.

'बेट्स मोटेल' संपली त्या रात्री आम्ही 'सायको'तला पक्ष्यांच्या खोलीतला प्रवेश लावला. भिंतीवर भुसा भरलेले पक्षी, नॉर्मन मॅरियनला सँडविच आणि दूध आणून देतो आणि आईबद्दल बोलत बसतो. आधी दोनदा पाहिलेला प्रवेश. भाची पायलीकडे सरकली.

"मामाजी, आता मले याचं भेव नाही लागत," ती म्हणाली. "याच्या मायची याद येते."

मी वहीत तेवढं लिहून घेतलं. थोड्या वेळाने तिने सिनेमा थांबवला आणि मागच्या दाराची कडी लागलीय का, ते बघायला मला पाठवलं.